पुदिन्याची काडी

सांभाळा, घोडागाडी येतेय! हे इंग्लंडातलं लीड्स, 1771चा ऑगस्ट. लोकरीच्या कापडाचे गठ्ठे खांद्यावर घेतलेली माणसं तुम्हाला ढकलून पुढे जातायत. तक्रार करू नका, ऐकायला कुणालाही वेळ नाही. मिडलटनच्या खाणीतून लाकडी रुळांवरून घोडे कोळशाच्या वाघिणी ओढून आणतात आणि तो कोळसा घरोघरच्या चुलींत जळतो. तुमच्या कॉलरवर बसलेली काजळी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जंगलांची आहे.

आता मेडो लेनवरच्या बिअरच्या कारखान्यात शिरा. आत उकाडा, आंबलेल्या बार्लीचा दर्प, पिंपांची आदळआपट. या हौदावर जळती ढलपी धरा. विझली ना? धूर मात्र वर जात नाही. न दिसणाऱ्या एका थरावर पसरतो आणि उतू गेलेल्या दुधासारखा काठावरून खाली ओघळतो. वाकून हुंगू नका, जीव गुदमरेल. हा थर कार्बन डायऑक्साइडचा: बार्लीनं शेतात हवेतून घेतलेला कार्बन यीस्ट साखरेतून मोकळा करतंय. पाद्री जोसेफ प्रीस्टली इथं शेजारी राहत तेव्हा याच थरावर या पेल्यातून त्या पेल्यात पाणी ओतत बसायचे. ते पाणी जिभेला झिणझिण्या आणतं. आपला सोडा तो हाच!

त्यांच्या आताच्या घरी चला. पाण्यात उपडं ठेवलेलं काचेचं भांडं, आत पुदिन्याची काडी. 17 तारखेला त्या हवेत मेणबत्ती जळून विझली होती, तेव्हा त्यांनी ही काडी आत सरकवली. आज 27 तारीख. त्याच हवेत दुसरी मेणबत्ती धरली आणि ती छान तेवतेय! प्रीस्टलींचा चेहरा बघा. यामागचं कारण त्यांना ठाऊक नाही. मेणबत्तीतून सुटलेल्या कार्बनची पुदिन्यानं पानं केली आणि ऑक्सिजन बाहेर सोडला. त्यासाठी उजेड लागतो, हे शास्त्रज्ञ यान इंगेनहाउस आठ वर्षांनी दाखवतील.

एक पान चुरगाळून हुंगा. हा वाससुद्धा कार्बनच्याच रेणूंचा. मला या साऱ्या सफरीत हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो: मेणबत्तीचा धूर हिरवा होऊन तुमच्या बोटांवर आलाय.

निघण्यापूर्वी बाहेर, गावाच्या कडेला जाऊन खोल श्वास घ्या. 1771च्या हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग आहेत. तुम्ही परत जाल त्या हवेत ते 420च्या वर गेलेत.