दायमाबादचा रथ आणि पोळ्याचा मातीचा बैल

श्रावणी अमावास्येला पोळा. ज्यांच्या गोठ्यात आता बैल नाही, त्या घरीही पाटावर मातीची बैलजोडी मांडतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. ही जोडी घडवणाऱ्या हातांचा इतिहास आज आपण बघू.

आपल्याच नगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. 1974 साली तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं वजन मिळून 60 किलोहून जास्त! रथ सुमारे 45 सेंटीमीटर, म्हणजे हातभर लांब. बरेच अभ्यासक या वस्तू चार हजार वर्षांच्या आसपासच्या मानतात, काहींचं मत वेगळं आहे.

ब्राँझ ही मोठ्यांची चैन. साध्या घरात मातीच. शेजारच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे 1968 पासून उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीत झाकणाची मातीची पेटी मिळाली. सोबत न भाजलेल्या मातीची, शिर नसलेली बाई आणि एक बैल. बाईच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होतं. काडी घातली की बाई बैलावर बसते! ही मूर्ती तीन हजार वर्षांहून जुनी आहे.

पुढे गावगाड्यात कुंभार बारा बलुतेदारांपैकी एक झाला. चाक पुरुषाचं म्हटलं गेलं. पण माती चाळणं, भिजवणं, मळणं, हातानं बैल वळणं, रंगवणं आणि पाटी घेऊन बाजारात बसणं, यात बाईचे हात कायम राहिले.

मग ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे झाले. पूजेपुरता बैल मातीचा राहिला, पण तिथेही साच्यातला चकचकीत प्लॅस्टरचा बैल स्वस्तात येऊन बसला. माती आणि सरपण दोन्ही महागलं. त्यात एक जुनी अडचण आहे. पोळा येतो पावसाळ्यात, तेव्हा माती वाळत नाही. म्हणून बैल उन्हाळ्यातच करून ठेवावे लागतात. खर्च वैशाखात, पैसा श्रावणात. मधले महिने सावकाराचे.

17 सप्टेंबर 2023 ला केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या 18 व्यवसायांत कुंभार, मूर्तिकार आणि पारंपरिक खेळणी करणारे आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत, 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख आणि नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पण लाभ कुटुंबात एकालाच. मग नाव कोणाचं लागतं? बैल वळणारीचं, की घरधन्याचं? हा प्रश्न त्या घरात आधी बोलला गेला पाहिजे.

आम्हाला वाटतं, या कलेचं भवितव्य संग्रहालयात ठरणार नाही. आपल्या गटात अशी एखादी ताई असेल, तर तिला वैशाखात अंतर्गत कर्ज द्या. गावातल्या जोड्यांची मागणी आधीच गोळा करा, थोडी उचलही द्या. घासाघीस करताना तिची उन्हाळाभराची मेहनत आठवा. चार हजार वर्षांत त्या बैलावर करणाऱ्याचं नाव कधी लिहिलं गेलं नाही. निदान सरकारी कागदावर तरी तिचं नाव यावं.

पुढच्या बैठकीत या विषयावर नक्की बोला.