उशाशी

सप्टेंबर 1994मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि चार दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघाली. लिंबायत, उधना, डिंडोलीकडच्या खानदेशी कामगारांना वाट शोधावी लागली नाही. लूमच्या खात्यातून निघायचे आणि तापी लाइनची गाडी धरायची. दुखणे आले की गाव आठवते.

ही लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर झाली. नवापूरच्या फलाटावरचे एक बाकडे अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात आहे. लोक त्यावर हौसेने फोटो काढतात. त्याच्या पुढे चिंचपाडा लागते. आसपास मावची आणि भिल्ल पाडे आहेत, आणि 1942पासून एक ख्रिस्ती दवाखाना, जो आज इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन चालवते. सर्पदंश, क्षय, अडलेले बाळंतपण घेऊन येणाऱ्यांना धर्म विचारत बसायला सवड नसते.

मिशन दवाखान्यांत दिवसाची सुरुवात प्रार्थनेने करायची रीत जुनी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894मध्ये मिरजेला इस्पितळ उघडले, तेव्हापासून मराठी मुलखाला ती ओळखीची झाली. औषधाच्या बाटलीबरोबर धर्म पाजतात, हा आरोपही तितकाच जुना. तो सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. पण खाटेवरच्या माणसाला या श्रद्धेतून नेमके काय मिळाले, हे त्या आरोपावरून कळत नाही.

बायबलमधला ईयोब अंगभर फोडांनी भरून राखेत बसतो आणि देवाशी भांडतो. त्याचे मित्र सात दिवस नुसते शेजारी बसून राहतात, तेवढ्यापुरते ते शहाणे. तोंड उघडल्यावर सगळे बिघडते. स्तोत्रसंहितेतही कुरकुर आणि रडगाणे भरपूर आहे. आजाऱ्याला ‘सोस गप’ न म्हणणारा हा ग्रंथ मराठी मनाला परका वाटायचे कारण नव्हते. विठ्ठलाशी भांडण्याची सवय इथे होतीच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे ओळखले. 1895मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला अभंगात आणि भजनात बसवले. त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत गायली जातात, आणि आजाऱ्याच्या उशाशी ती जवळची वाटतात, ती त्या चालींमुळे.

सुरतेत प्रोटेस्टंट मिशनरी 1815मध्येच आले होते. पण गुजरातच्या दुःखाचा आणि मराठी ख्रिस्ती घराचा खरा गाठीचा संबंध आला तो छप्पनियात. 1899-1900च्या त्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतल्या निराधार मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आणले. दुष्काळाचे दुःख रमाबाईंना शिकवावे लागले नाही. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीतच गेले होते, आणि 1882मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने. अंध मुलींसाठी केडगावला वेगळे सदन होते. तिथे ब्रेल शिकवत.

रमाबाईंचे कान अधू होत गेले होते. उतारवयात त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या. खेड्यातल्या बाईला वाचता यावे, हा आग्रह. पंडितांची भाषा त्यांनी मुद्दाम टाळली. 1921मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. सगळा कारभार जिच्या हाती सोपवायचा, तीच. रमाबाई पुन्हा मुद्रितांवर बसल्या.

5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते. छापलेला संपूर्ण ग्रंथ त्यांनी पाहिला नाही.