धर्म शिकलेल्या बाईची नोकरी

एखादी मुलगी म्हणाली, मी कॉलेजात जाऊन धर्मशास्त्र शिकणार आहे, तर घरातून पहिला प्रश्न येतो, ‘मग पोटापाण्याचं काय?’ मुलगा असला तर म्हणता येतं, पाळक होईल, धर्मगुरू होईल. मुलगी म्हटली की लोक विचारतात, म्हणजे नन होणार का? पण ख्रिस्ती मंडळीत या दोन्हींच्या मधलं एक मोठं अंगण आहे. दीक्षा न घेता, घरसंसारातच राहून मंडळीचं काम करणाऱ्यांना आपल्याकडे ‘प्रापंचिक’ म्हणतात. त्यांनी शिकून, तयारी करून केलेली ही सेवा. आज आम्ही तिचा इतिहास सांगणार आहोत, आणि त्यात पगाराची गोष्ट जरा जास्तच येणार आहे.

सुरुवात तशी फार जुनी. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात फिबी नावाच्या बाईचा उल्लेख मंडळीची सेविका म्हणून आला आहे. पुढे शतकानुशतकं हे पद मागे पडलं. ते पुन्हा वर काढलं जर्मनीतल्या एका गावानं. ऱ्हाईन नदीकाठी, ड्युसेलडॉर्फजवळ, कायझर्सवर्थ नावाचं गाव होतं. तिथले पाळक थिओडोर फ्लीडनर आणि त्यांची पत्नी फ्रिडरिके यांनी 1833 मध्ये तुरुंगातून सुटलेल्या एका बाईला आपल्या बागेतल्या छोट्या घरात आसरा दिला. तीन वर्षांनी, 1836 मध्ये, त्यांनी दवाखाना आणि सेविकांची शाळा काढली. पहिली सेविका होती गेरट्रूड रायखार्ट, एका डॉक्टरची मुलगी. तिथे मुली बायबल शिकत, आजाऱ्याची शुश्रूषा शिकत, मुलांना शिकवायला शिकत. लग्न झालं नाही तर भावाच्या घरी राबायचं, एवढीच वाट असलेल्या मुलींना प्रशिक्षण आणि डोक्यावर छप्पर मिळालं. पगार मात्र नव्हता. राहणं, जेवण, कपडे, हातखर्चाला थोडे पैसे, आणि म्हातारपणी संस्थेत सांभाळ.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1850 मध्ये इथे आल्या आणि पुढच्या वर्षी तीन महिने राहून शिकल्या. पुढे त्यांनी स्पष्टच म्हटलं की तिथली शुश्रूषा काही विशेष नव्हती आणि स्वच्छता तर वाईटच, पण तिथल्या बायकांची निष्ठा त्यांना पुन्हा कुठे दिसली नाही. लंडनला 1860 मध्ये त्यांच्या नावाची नर्सिंगची शाळा निघाली. आज परिचारिकेचा व्यवसाय म्हणून आपण जो ओळखतो, त्याची एक वाट अशी या सेविकांच्या दारातून गेलेली आहे.

आता अमेरिकेत जाऊ. तिथून पुढे आपल्याला लखनौला यायचं आहे. शिकागोमध्ये 1885 साली ल्यूसी रायडर मायर या बाईंनी मेथडिस्ट मंडळीसाठी मुलींचं प्रशिक्षण विद्यालय सुरू केलं. त्या स्वतः वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या. त्यांच्या विद्यार्थिनी बायबलबरोबर आरोग्याचे धडे घेत आणि परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्त्यांत दारोदार फिरत. वर्गात शिकलेलं लगेच गल्लीत वापरायचं, अशी रीत. आज समाजकार्याच्या कॉलेजात ‘फील्डवर्क’ म्हणतात, तेच हे.

मेथडिस्ट मंडळीच्या 1888 च्या सर्वसाधारण परिषदेनं सेविकेच्या पदाला अधिकृत मान्यता दिली. आणि त्याच परिषदेनं, प्रतिनिधी म्हणून रीतसर निवडून आलेल्या पाच बायकांना सभागृहात बसू दिलं नाही. त्यांत फ्रान्सिस विलार्ड होत्या, दारूबंदीच्या चळवळीतलं त्या काळचं फार मोठं नाव. काम करा, पण निर्णयाला बसू नका. आपल्या गावच्या कितीतरी बैठकांत हे आपण पाहिलेलं आहे.

शिकागोतल्या सेविकांच्या पहिल्या घराचा कारभार सांभाळायला जी बाई उभी राहिली, ती आपल्याकडूनच गेलेली होती. इझाबेला थोबर्न. त्यांचे भाऊ जेम्स भारतात मिशनरी होते. स्त्रियांपर्यंत पुरुषांना पोचता येत नाही, तू ये, असं त्यांनी बहिणीला लिहिलं. तंबूजवळ पडलेल्या गिधाडाच्या पिसाची लेखणी करून ते पत्र लिहिलं, असं सांगतात. जानेवारी 1870 मध्ये इझाबेला आणि डॉक्टर क्लारा स्वेन मुंबई बंदरात उतरल्या. क्लारा बरेलीला गेल्या, इझाबेला लखनौला.

तिथला एक प्रसंग आम्हाला फार आवडतो. भावानं बहिणीला पहिलं काम दिलं ते आपली पत्रं नक्कल करण्याचं. तिनं काही दिवस निमूटपणे केलं. मग हळूच सुचवलं, की असा एखादा नक्कल करणारा मलाही मिळाला तर माझं काम फार सोपं होईल. भावाच्या लक्षात आलं. बहिणीचा वेळ आपल्या वेळाइतकाच मोलाचा आहे हे तेव्हा कळलं, अशी कबुली त्यानं पुढे स्वतःच लिहून ठेवली. त्याच वर्षी अमिनाबादच्या बाजारात एका खोलीत सहा मुलींची शाळा भरली. दाराशी काठी घेऊन एक तरुण उभा असे, कोणी त्रास देऊ नये म्हणून. त्या शाळेतून 1886 मध्ये कॉलेज उभं राहिलं. थोबर्नबाई 1901 साली पटकीनं गेल्या. त्यांच्या नावाचं ते कॉलेज लखनौत आजही आहे.

आता आपल्या मुलखात. इथे या कामाला घरगुती नाव होतं, बायबलबाई. बहुतेक जणी इथल्याच, कुणी विधवा, कुणी पाळकाची बायको. परक्या पुरुषाला ज्या घरात पाऊल टाकता येत नसे, तिथे ती ओट्यावरून माजघरापर्यंत जाई. बायबलमधल्या गोष्टी सांगे, आणि त्याबरोबर अक्षरओळख, शिवण, बाळाची काळजीही शिकवी. धर्माचा प्रचार हा तिच्या कामाचा हेतू होता, हे झाकायचं कारण नाही. त्यावरून तेव्हा वाद झाले, आजही होतात. पण मिशनच्या कागदांत गोऱ्या बाईंचं नाव पूर्ण येतं आणि तिच्याबरोबर चालणारी बाई पुष्कळदा नुसती ‘बायबलबाई’ राहते, हे आम्हाला खटकतं.

शिकवण्याची परंपरा आणखी मागे जाते. 1827 साली मुंबईत आलेल्या सिंथिया फरारबाई पुढे नगरला मुलींना शिकवत होत्या. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले, असं सावित्रीबाईंच्या चरित्रांत आहे. सावित्रीबाईंनी त्या शिक्षणाचं जे केलं, ते मिशनच्या चौकटीत मावणारं नव्हतं.

आणि पंडिता रमाबाई. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन. पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी दौंड तालुक्यात केडगावला मुक्ती सदन. तिथे प्रार्थना होती, बायबलचे वर्ग होते आणि शेती, विणकाम, दुभती जनावरं, छापखानाही होता. मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, बायबलबाया झाल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात, बायकांच्या हातांनी जुळवलेल्या खिळ्यांवर छापलं गेलं. ते 1924 मध्ये बाहेर पडलं, तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

पदवीचं दार मात्र सावकाश उघडलं. बंगालमधलं सेरामपूर कॉलेज 1818 चं. डेन्मार्कच्या राजाच्या 1827 च्या सनदेनं त्याला पदवी देण्याचा हक्क मिळाला. आज देशातली अनेक प्रोटेस्टंट धर्मशास्त्र महाविद्यालयं त्याच्या सिनेटशी जोडलेली आहेत. नोकरी किंवा घर सांभाळून ज्यांना शिकायचं आहे, अशा प्रापंचिकांसाठी ख्रिस्ती अध्ययनाची बाहेरून देण्याची पदवीही सिनेटनं ठेवली आहे. कॅथलिक मंडळीत 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं प्रापंचिकांच्या कामावर स्वतंत्र आदेश काढला. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात भावी धर्मगुरूंबरोबर धर्मभगिनी आणि प्रापंचिकही शिकतात. धर्मशिक्षण देणाऱ्याचं काम हे प्रापंचिकांचं रीतसर पद म्हणून पोप फ्रान्सिस यांनी घोषित केलं, ते थेट 10 मे 2021 रोजी.

कामं कोणती मिळतात? चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणं, तरुणांचे गट चालवणं. शाळेत मूल्यशिक्षण आणि समुपदेशन. संस्थांत प्रकल्पाचं काम, भाषांतर, मासिकांचं संपादन. आणि दवाखान्यातलं एक काम, ज्याची आपल्याकडे अजून फार ओळख नाही: रुग्णाच्या खाटेपाशी बसून त्याचं ऐकणं. याचं शास्त्रशुद्ध शिक्षण अमेरिकेत अँटन बॉइसन यांनी 1925 मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात सुरू केलं. ते स्वतः मानसिक आजारातून गेलेले होते. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे प्रशिक्षण मिळतं.

अमेरिकेत 2005 च्या सुमाराला कॅथलिक चर्चांत असं पगारी काम करणारे प्रापंचिक तीस हजारांवर होते, आणि त्यांत दर पाचांत चार स्त्रिया. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. पुष्कळ जागी हे काम मानधनावर चालतं, कधी त्याशिवायही. म्हणून एखादीला हे शिकायचं असेल तर तिनं प्रवेशाआधी चौकशी करावी. पदवी कोणाची? पुढे बी.एड. किंवा समाजकार्याच्या शिक्षणाला ती चालेल का? आणि ज्या संस्थेत काम करायचं तिथे नेमणुकीचं पत्र, भविष्यनिर्वाह निधी, रजा आहे का, की सगळं ‘सेवा’ या एका शब्दात गुंडाळलंय? हे विचारायला लाजू नये. थोबर्नबाईंनी सख्ख्या भावाला विचारलं होतं.