फर्मानापासून मतपेटीपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बीड जिल्ह्यातले लोक नुसते धारूर म्हणत नाहीत, 'किल्ले धारूर' म्हणतात. बालाघाटाच्या डोंगरात, तीन बाजूंनी खोल दरी असलेला हा किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाहीच्या किश्वरखानाने बांधला. १६३१ साली तो मोगलांनी घेतला आणि गावाचे नाव फत्तेहाबाद ठेवले. पुढे निजामाचा अंमल आला. किल्ला ज्याचा, त्याचे राज्य, असा तो काळ. खालच्या पेठेतल्या विणकराला, शिवारातल्या कुणब्याला किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाला कोणी काही विचारले नाही.

मग धारूरच्या सर्वसामान्य माणसाला 'राज्य कोणी करावे' हे पहिल्यांदा कधी विचारले गेले? त्याचे उत्तर आहे १९५२ साली. मात्र त्याआधीही हैदराबाद संस्थानात 'घटनात्मक सुधारणा' झाल्या होत्या. त्या सुधारणा कशा होत्या, हे आज पाहायचे आहे.

हैदराबादेत कायदेमंडळ १८९३ पासून होते. १९१९ मध्ये 'बाब-ए-हुकूमत' नावाचे कार्यकारी मंडळ स्थापन झाले. कायदेमंडळात अधिकारी आणि नेमलेल्या सभासदांचाच भरणा होता, आणि शेवटचा शब्द निजामाच्या फर्मानाचा. त्यातच 'गश्ती ५३' या परिपत्रकाने जाहीर सभेलाही सरकारची परवानगी लागे. शेजारच्या मुंबई इलाख्यात १९३७ साली निवडून आलेले मंत्रिमंडळ कारभार पाहू लागले, तेव्हा मराठवाड्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांत चुळबूळ सुरू झाली. त्याच वर्षी परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. धारूरच्या शेजारी मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, योगेश्वरी शाळेत तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. मागणी एकच होती : जबाबदार राज्यपद्धती. मंत्र्यांनी लोकांच्या प्रतिनिधींना उत्तर द्यावे, एवढाच तिचा अर्थ.

सप्टेंबर १९३७ मध्ये निजाम सरकारने अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली. तिच्या आधारे जुलै १९३९ मध्ये नवी योजना जाहीर झाली. कायदेमंडळ वाढणार, काही सभासद निवडून येणार. कागदावर गोष्ट मोठी दिसत होती. पण मतदारसंघ गावांचे किंवा तालुक्यांचे नव्हते, ते धंद्यांचे होते. जहागीरदारांचा प्रतिनिधी वेगळा, व्यापाऱ्यांचा वेगळा, वकिलांचा वेगळा. संस्थानची लोकसंख्या १९४१ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ६३ लाख भरली. तिच्यात हिंदू बहुसंख्य होते, तरी हिंदू आणि मुसलमान यांना जागा सारख्या. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, मंत्री या कायदेमंडळाला जबाबदार नव्हते. सभासदाने प्रश्न विचारावा, पण उत्तर पटले नाही तर सरकार बदलता येऊ नये, अशी ती रचना होती.

दुसरीकडे स्टेट काँग्रेसवर सप्टेंबर १९३८ मध्ये, ती नीट स्थापन होण्याआधीच, बंदी आली होती. ती उठली १९४६ च्या जुलैत. म्हणजे एका हाताने सुधारणा द्यायच्या आणि दुसऱ्या हाताने त्या मागणाऱ्यांची तोंडे बंद करायची. महायुद्धामुळे सुधारणा रेंगाळल्या, आणि १९४६ अखेर निवडणूक झाली तेव्हा स्टेट काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घातला. राजाने खूश होऊन दिलेला हक्क त्याची मर्जी फिरली की जातो, हे लोकांना कळून चुकले होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाले. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारताची राज्यघटना हैदराबादला लागू करण्याचे फर्मान काढले. शेकडो वर्षांच्या फर्मानांत हे एकच असे, ज्याने फर्मानांचे राज्यच संपवले.

मग १९५२ ची निवडणूक आली. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत. धंदा, शिक्षण, जमीनजुमला, काही विचारायचे नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनेही चिन्ह पाहून मत टाकावे. हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या, आणि बी. रामकृष्णराव यांचे सरकार विधानसभेला जबाबदार झाले. गंमत पाहा, बीडच्या लोकांनी लोकसभेवर मात्र काँग्रेसचा नव्हे, तर पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचा उमेदवार पाठवला. पुढे १९६७ मध्ये याच मतदारसंघाने साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिले. पहिल्या दिवसापासून हा जिल्हा मत स्वतःच्या बुद्धीने देत आला आहे.

पण मत मिळाले म्हणजे सगळे मिळाले का? मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वेळी घटनेच्या सातव्या दुरुस्तीने कलम ३७१(२) मध्ये एक तरतूद घातली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे असावीत, निधीचे न्याय्य वाटप व्हावे, आणि मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा. संसदीय लोकशाहीचा आत्मा या शेवटच्या वाक्यात आहे. पैसा कुठे गेला, हे सभागृहात सांगावे लागेल.

हे कलम अमलात यायला तब्बल ३८ वर्षे लागली! १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन झाले. अनुशेष मोजण्यासाठी १९८३ मध्ये वि. म. दांडेकर समिती नेमली गेली. १९८४ मध्ये विधिमंडळाने ठराव केला. गोविंदभाई श्रॉफांसारख्यांनी आयुष्याची उतारवये या प्रश्नात घातली. तेव्हा कुठे १९९४ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला.

या इतिहासातून एक गोष्ट दिसते. निजामाच्या सुधारणा निष्फळ ठरल्या, कारण तिथे विचारण्याचा हक्कच नव्हता. ३७१(२) मध्ये हक्क होता. विचारणारे जागे झाले तेव्हाच तो जिवंत झाला.

आणि विचारायला माणूस गावात तरी हवा. दिवाळी झाली की धारूर तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. २०२४ मध्ये गळीत हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचे मतदान होते २० नोव्हेंबरला. ज्या मतासाठी या मुलखाने १९५२ पर्यंत वाट पाहिली, ते मत फडात उभ्या असलेल्या माणसाने कसे द्यायचे? त्याच्या मताला कोणी बंदी घातलेली नाही. फक्त त्याच्या पोटाचे आणि मतदानाचे वेळापत्रक जुळत नाही. मतदानाच्या तारखा ठरतात तेव्हा हंगामाचाही विचार व्हावा, हे मागणे फार मोठे नाही. किल्ल्याखालच्या माणसाला विचारायला आपण १९५२ मध्ये शिकलो. आता तो घरी असताना विचारायला शिकले पाहिजे.