गिमवीचे पाणी, पुण्याची छावणी

रोग बाहेरून आला, एवढे सांगितले की त्याचा इतिहास सांगून झाला असे आपल्याला वाटते. गिमवीपुढे ही समजूत टिकत नाही. गुहागर तालुक्यातल्या या गावात लोकांच्या लघवीत टोकाला काटा असलेली अंडी सापडली आणि १९५२ साली गाडगीळ व शहा यांनी शिस्टोसोमा या रक्तातल्या चपट्या कृमीचे स्थानिक केंद्र म्हणून गिमवीची नोंद केली. या कृमीचा मुक्काम मूत्राशयाभोवतीच्या शिरांत असतो. नर अंगाच्या घडीत मादीला धरून वर्षानुवर्षे तिथे राहतो. अंडे गोड्या पाण्यात पडले की पिल्लू बाहेर येऊन गोगलगायीत शिरते, तिथे एकाची हजारो होतात आणि दुभंगल्या शेपटीची ही पिल्ले पाण्यात उतरलेल्याच्या धडधाकट कातडीतून आत घुसतात. नारू पाणी गाळून टाळता येत असे. इथे पाणी प्यावेच लागत नाही, पाय बुडवणे पुरते. पण गोगलगाय मात्र ठरावीक जातीचीच हवी, आणि सगळे अडते ते इथेच.

कृमी कोणीतरी आफ्रिकेतून आणला असेल, हे नाकारायचे कारण नाही. मग पुण्याचे काय? १९१४ साली सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली, म्हणजे या कृमीच्या जुन्या मुलखात. १९१६ साली ती कूतला शरण गेली, तरी त्या आघाडीवरून हिंदी सैनिक पुढेही परतत राहिले, आणि त्यांच्यामुळे रोग इथे पसरेल का, हा प्रश्न तेव्हाच्या संशोधकांनी गंभीरपणे घेतला होता. तरीही मुळामुठेकाठी असे केंद्र नोंदले गेलेले नाही. आफ्रिकेत या कृमीला पोसणारी बुलायनस गोगलगाय आपल्याकडे नाही. उलट गुरांतला शिस्टोसोमा इथल्याच गोगलगायीत वाढतो, हे सोपारकरांनी १९२१ सालीच दाखवले होते. वाण आपल्याकडे येत होते. त्याला रुजायला जागा नव्हती.

यावर आक्षेप असा, की गिमवीत ज्या गोगलगायीकडे बोट दाखवले गेले ती फेरिसिया म्हणजे टोपीसारख्या कवचाचा इवलासा जीव, बुलायनसचा जवळचा नातेवाईकही नव्हे. साउथगेट आणि अग्रवाल यांनी १९९० साली तर भारतात माणसाचा शिस्टोसोमा आहे का, हाच प्रश्न विचारला. शंका रास्त आहे. पण ती खरी ठरली, तर आधी कोलमडते ती आयातीची गोष्ट; मग गिमवीचा कृमी आफ्रिकेतला उरतच नाही.