जेम्स एडवर्ड्स : वर्दीतला विसरलेला नायक

‘पॅटन’ चित्रपटात जनरलच्या दिमतीला असलेला कृष्णवर्णीय सार्जंट आठवतो? आपल्या फौजी भाषेत ‘सहायक’. तो नट म्हणजे जेम्स एडवर्ड्स.

दुसऱ्या महायुद्धात तो स्वतः अमेरिकी सैन्यात होता. तेव्हा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. हा भेद मोडण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ मध्ये काढला. पुढच्याच वर्षी ‘होम ऑफ द ब्रेव्ह’ आला. मूळ नाटकातला ज्यू सैनिक पडद्यावर कृष्णवर्णीय झाला आणि ही भूमिका एडवर्ड्सने केली. गोळी न लागताही या शिपायाचे पाय लुळे पडतात. मित्राचा मृत्यू आणि आपल्याच माणसांनी केलेला अपमान त्याच्या मनात घर करून बसलेले असतात.

१९५१ च्या ‘द स्टील हेल्मेट’मध्ये तो जखमींवर उपचार करणारा सैनिक आहे. शत्रूचा कैदी त्याला मायदेशातल्या वर्णभेदावरून डिवचतो, तरी तो आपलं काम सोडत नाही.

पुढे वर्दी अनेकदा मिळाली, पण भूमिका बहुतेक दुय्यमच. जानेवारी १९७० मध्ये तो गेला. ‘पॅटन’ त्यानंतर झळकला. आदेशाने पलटणी एकत्र आणता येतात. नायक कोणाला करायचं, याचा आदेश मात्र निघत नाही.