कमरेची गाठ

युरोपातल्या कॉर्सेटचा विषय आपल्याकडे निघतो तो बहुधा चेष्टेच्या सुरात. देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या, पुढे पोलादाच्या कांबी घालून शिवलेली ती काचोळी. मागच्या दोऱ्या ओढून कंबर बारीक करायची. एकोणिसाव्या शतकात तिथल्या डॉक्टरांनी तिच्यावर भरपूर टीका केली. पण ती वापरणाऱ्या बायकांचे काही नियम शहाणपणाचे होते. कॉर्सेट सहसा उघड्या अंगावर चढवत नसत. आत सुती झगा असे. घाम तो टिपायचा आणि वारंवार धुतला जायचा तोही झगाच. कॉर्सेट वाऱ्यावर टांगून सुकवत. नवे असेल तर हळूहळू आवळायचे, काढताना आधी दोऱ्या सैल करायच्या.

आपल्याकडच्या खेड्यांत कॉर्सेट आले नाही, म्हणून आपण सुटलो असे वाटते. दिग्रस, दारव्हा, पुसद या कापसाच्या मुलखातल्या बाईचे नऊवारी लुगडे तसे मोठे सोयीचे वस्त्र. कासोटा मारला की वाकता येते, चिखलात उतरता येते. पण आत परकर नाही. नऊ वार कापडाचा सगळा भार कमरेवरच्या एका आवळलेल्या वेढ्यावर. वेचणीच्या दिवसांत कमरेला फडके बांधून त्यातच कापूस गोळा करायचा, म्हणजे ओझ्यात आणखी भर. नेसण सुटू नये म्हणून ते करकचून बांधायचे, रोज त्याच जागी. पहाटे बांधलेले रात्रीपर्यंत तसेच. पुढे पाचवारीबरोबर परकर आला, त्याने अंग झाकले खरे, पण दाब अरुंद नाड्यावर आणला. ओढ तेवढीच, जागा कमी, म्हणून काचणे जास्त.

या काचण्याची वैद्यकीय नोंद जुनी आहे. मुंबईचे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतर आवळण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन होते. म्हणजे ही तक्रार बायकांपुरतीच नाही. पुढे ‘साडी कॅन्सर’ हा शब्द रूढ झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात, आपल्या शेजारच्या वर्ध्यातील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची हकिगत मांडली. एकीच्या कुशीवरची जखम अठरा महिने भरत नव्हती. दुसरी चाळीस वर्षे परकराविना लुगडे नेसत होती, आणि तिचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

असा कर्करोग फार दुर्मीळ, हे आधी सांगितले पाहिजे. रोग कापडात नसतो. घाम, धूळ आणि घर्षण यांनी कातडी काळवंडते, सोलते, चिरते. जखम भरते न भरते तोच पुन्हा काचते. हे वर्षानुवर्षे चालले तर क्वचित त्याच व्रणात कर्करोग उद्भवतो. जुन्या व्रणातल्या अशा रोगाला मार्जोलिन या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव आहे.

खरी अडचण पुढेच आहे. कमरेवरचा काळा वळ बाईच्या जातीला असायचाच, असे आपल्या घरांत धरून चालतात. आणि तो दाखवायचा तर लुगडे सैल करावे लागते, म्हणून आजी गप्प राहते. तेव्हा आंघोळीच्या वेळी सुनेने, लेकीने एकदा पाहावे. नाडा रुंद आणि चपटा घ्यावा, गाठीची जागा बदलावी, घरी आल्यावर ती सैल करावी, घामाचा परकर रोज धुवावा. कातडी चिरली असेल तर ती भरेपर्यंत गाठ त्या जागेवर येऊच देऊ नये. लुगडेवाल्या आजीने आत मऊ सुती कापडाची घडी ठेवली तरी फरक पडतो. तीन-चार आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेवर नुसते मलम चोपडत बसू नये. डॉक्टर तिथला लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. धोतर नेसणाऱ्या आजोबांची कंबरही त्याच वेळी पाहून घ्यावी.